डाव्या बाजूच्या दोऱ्या

क्युरपीप, १२ मे १९९७

चि. एव्हारिस्त यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं ईस्टरचं पत्र आणि वाळवलेल्या ऑक्टोपसची पिशवी एकाच बोटीनं आली. पत्राला ऑक्टोपसचा वास आणि ऑक्टोपसला शाईचा डाग, त्यामुळे दोन्ही एकदमच संपवलं. इथे नेहमीसारखा बुरबुर पाऊस आहे. कपडे चार दिवस वाळत नाहीत. बावीस वर्षं बोटीवर काढून तू रॉड्रिग्ज बेटावर बायकोच्या शेळ्या राखत उन्हात बसलास, शहाणा ठरलास.

शोभेच्या छोट्या जहाजांचा आमचा कारखाना बंद झाल्याचं कळवलंच होतं. मालकांनी सगळं मादागास्करला हलवलं. निरोपाला प्रत्येकीला काहीतरी भेट मिळाली, कुणाला घड्याळ, कुणाला टेबलावरचं कापड. मला एका जहाजाचा सांगाडा मिळाला. नुसता कणा आणि बरगड्या, तेही नाक डावीकडे वळलेलं, म्हणून विकायला नालायक ठरलेलं. मालक म्हणाले, क्लेमांस, सत्तावीस वर्षांची आठवण म्हणून ठेवा. मी आभार मानले. काय करणार?

आता हसायचं असेल तर हसून घे. ते जहाज मी पुरं करायला घेतलंय. तू म्हणशील, जन्मभर जहाजंच केलीस, त्यात नवीन काय? अरे, मी जहाज कधी केलंच नाही. मी जहाजाच्या डाव्या बाजूच्या दोऱ्या बांधल्या. कणा एक माणूस करायचा, फळ्या दुसरा ठोकायचा, गिरमिटानं भोकं तिसरा पाडायचा आणि मग जहाज आमच्या टेबलावर यायचं. डावीकडे मी, उजवीकडे सोलांज. हजारभर जहाजं आमच्या दोघींमधून गेली आणि एकाचीही उजवी बाजू मी धड पाहिली नाही. सोलांजचं तोंड मात्र रोज पाहिलं. शेवटी पितळी पाटीवर नाव कारखान्याचं.

डॉक्टर म्हणतात, साखर डोळ्यांत उतरली आहे, उजवा डोळा वर्षभर टिकला तर नशीब, बारीक काम सोडा. मी म्हटलं, सोडते, आधी धरू तर द्या. सप्टेंबरच्या वीस तारखेला नगरपालिकेच्या सभागृहात हौशी लोकांच्या हातकामाचं प्रदर्शन आहे. तिथे एक अख्खं जहाज, दोन्ही बाजूंचं, माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवायचंय. अर्ध्या जहाजाची बाई म्हणून मला मरायचं नाही.

पण फळ्या वाकत नाहीत रे. कोमट पाण्यात भिजवल्या, दहांतल्या सात मोडल्या. शेजारची देवानी कुंपणावरून बघते आणि विचारते, चुलीसाठी लाकूड फोडताय का मावशी? घरात एवढा दर्यावर्दी असताना मी कुणाच्या तोंडाकडे बघू? लाकूड कसं वाकवतात ते सविस्तर लिही. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हो-हो करतोस.

फिलोमेनला आणि शेळ्यांना विचारलंय म्हणून सांग. आहे ती माया अशीच राहू दे.

तुझी,
क्लेमांसताई

*

पोर्ट माथुरँ, ३ जून १९९७

ती. क्लेमांसताई हिस,

एव्हारिस्तचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून हसलो नाही. फिलोमेन हसली, पण ती सगळ्यालाच हसते.

ताई, समुद्र ही काय चीज आहे हे क्युरपीपच्या धुक्यात बसून कळायचं नाही. ज्यानं डोलकाठीच्या टोकावर एका हातानं दोरी आणि दुसऱ्या हातानं प्राण धरलेत, त्यालाच जहाज कळतं. असो. स्वतःबद्दल बोलायची मला सवय नाही.

फळ्यांचं म्हणशील तर तू त्यांना भिजवत बसलीस हीच चूक. भिजवलं की वरून मऊ होतं, आतून कच्चं राहतं. वाफ दे. मोठं पातेलं घे, तळाला चार बोटं पाणी, वर चाळणी, चाळणीवर फळ्या सुट्या-सुट्या, एकावर एक रचू नकोस. झाकणाला ओला फडका गुंडाळ आणि एका बाजूनं जरासं उघडं ठेव, नाहीतर पाणी परत थेंबाथेंबानं खाली गळतं आणि डाग पडतात. पाण्याला खदखदून उकळी येऊ देऊ नकोस, नुसतं कुजबुजलं पाहिजे. पातळ फळीला पंधरा मिनिटं, जाडीला पंचवीस. मध्ये झाकण काढून बघायचा मोह आवर, बायकांना तो आवरत नाही. बाहेर काढलीस की ताबडतोब बरगडीवर बसव आणि कपड्याच्या चिमट्यांनी धरून ठेव.

तसंच सुरुवात मधल्या फळीपासून कर आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशी आलटून-पालटून लाव. हे मला एका सुतारानं सांगितलं होतं. म्हणजे मीही पाहिलेलं आहेच.

यंदा घेवडा चांगला आलाय. लोणच्याची लिंबंही भरपूर आहेत, पुढच्या बोटीनं बरणी पाठवतो. धाकट्यावर लोभ ठेव.

तुझा,
एव्हारिस्त

*

क्युरपीप, २९ जून १९९७

चि. एव्हारिस्त यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. वाफेनं जादू केली. सगळ्या फळ्या लागल्या, एकही मोडली नाही. जरा चुकलेच, एक मोडली, पण ती मी झाकण काढून बघितलं म्हणून. देवानी आता कुंपणावरून बघत नाही, सरळ आत येऊन बसते आणि चहा मागते. मी तिला सांगितलं, हे ज्ञान खुद्द समुद्रावरून आलंय. ती म्हणाली, मोमोही अस्सेच करतात. तिला काय कळतंय?

शिडाचं कापड चहात बुडवून जुनं केलं. कारखान्यात ते काम दोन मुली करायच्या आणि आम्हांला वाटायचं, त्यांचं बरं आहे. बरं नाहीये. एक शीड चट्टेपट्टे घेऊन बाहेर आलं. वाकडं नाक मात्र मी पॉलिशपेपरनं घासून-घासून सरळ केलं. आता ते थोडं बसकं दिसतं, आपल्या मावशीसारखं.

आता खरी गोष्ट. दोऱ्या. मला वाटलं, इथे तरी मी राणी. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या ज्या तिरप्या दोऱ्या असतात ना, त्याच मी सत्तावीस वर्षं बांधल्या. नेहमीसारखी डाव्या अंगाला बसले, भोकं पाडली, बांधल्या. डोळे मिटूनसुद्धा येतात मला. मग स्टूल उचलून पलीकडे गेले, उजव्या अंगाला बसले आणि तशाच बांधल्या. दोन दिवस लागले. मग जहाज खिडकीत ठेवून लांब उभी राहिले आणि मटकन खालीच बसले.

माझ्या हातांना एकच सवय, दोरी उजव्या हाताकडे न्यायची. डाव्या अंगाला बसलं की जहाजाचं नाक माझ्या डाव्या हाताला येतं, म्हणून तिथे दोऱ्या मागं झुकल्या. उजव्या अंगाला बसल्यावर नाक उजव्या हाताला आलं, आणि हात आपले सवयीनं उजवीकडेच गेले. म्हणजे आता जहाजाच्या एका बाजूच्या दोऱ्या मागं झुकलेल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या पुढं. ते जहाज चाललं तर गोल-गोल फिरत बसेल.

एक बाजू तर चुकलीच आहे. कुठली? माझं मन सांगतं, माझी डावी बरोबर. पण आपल्या मनाचं काय, ते आपल्याच बाजूनं बोलणार. सोलांजला विचारलं असतं, पण ती गेल्या वर्षी गेली. दुकानाच्या काचेत मांडलेलं एखादं जहाज बघता येईल, पण तिथली विक्रेती मला ओळखते. सत्तावीस वर्षांनंतर मी काचेला नाक लावून दोऱ्या बघायच्या? आणि सख्खा भाऊ त्याच दोऱ्यांवर चढत होता, तर दुकानात कशाला जाऊ? उलट टपाली कळव, मागं की पुढं. प्रदर्शनाला बारा आठवडे आहेत.

लोणचं पोचलं, अर्धं देवानीनं नेलं. काळजी घे आणि ताईला विसरू नकोस.

तुझी,
क्लेमांसताई

*

पोर्ट माथुरँ, १४ जुलै १९९७

ती. ताई हिस,

शि. सा. न. वि. वि. एवढ्याशा गोष्टीसाठी मटकन बसू नकोस, तुझी कंबर आधीच धड नाही.

उत्तर सोपं आहे. पुढं. माणूस धावायला लागला की वारा कुठून येतो? तोंडावर. जहाज चाललं की वारा समोरून येतो आणि डोलकाठीला मागं ढकलतो. मग तिला धरून ठेवायला दोऱ्या कुठे हव्यात? पुढे. हे शाळेतल्या पोरालाही कळेल. कारखान्यातल्या तुझ्या डाव्या बाजूचं मी काही बोलत नाही, पण ती जहाजं कपाटावर ठेवायची होती, पाण्यात घालायची नव्हती, हेही लक्षात घे.

तेव्हा डावी बाजू सोड आणि उजवीसारखी बांध. मन घट्ट कर. समुद्रावर आम्ही याहून कठीण निर्णय रोज न्याहारीच्या आधी घेत असू.

फिलोमेनचा गुडघा दुखतोय. तिला आल्याचा काढा देतो, वरून दालचिनी. कडू झाला तर गूळ शेवटी घालायचा, आधी नाही, हे लोकांना कळत नाही. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
एव्हारिस्त

*

क्युरपीप, १० ऑगस्ट १९९७

चि. एव्हारिस्त यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या सांगण्याप्रमाणे डावी बाजू कापली. छोट्या कात्रीनं, एकेक गाठ. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. त्या गाठी चांगल्या होत्या रे. नवीन बांधताना बोटं ऐकत नव्हती, सारखी मागं पळत होती. मी त्यांना म्हणायची, गप्प बसा, तुम्हांला काय समुद्र माहीत? अकरा दिवस लागले. उजव्या डोळ्यापुढे आता एक काळा धागा सारखा तरंगतो. पहिल्या दिवशी मी तो चिमट्यानं काढायला गेले होते.

पण जहाज पुरं झालं. एव्हारिस्त, अख्खं झालं! दोन्ही बाजूंनी मी. खुर्ची घेऊन त्याच्याभोवती फिरत जेवते.

प्रदर्शनाचा अर्ज भरला. खिडकीतल्या माणसानं विचारलं, मार्गदर्शन कुणाचं? मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या भावाचं, बावीस वर्षं डोलकाठीवर होता. त्यानं मान वर करून बघितलं तरी. परीक्षक म्हणून कप्तान लाफ्लेर येणार आहेत, बंदरातून निवृत्त झालेले. बरंच झालं, जाणत्या माणसाला जाणतं काम दिसेल.

आणि एक गंमत. जहाजाला नाव लागतं. माझं नाव चिठ्ठीवर आहेच. म्हणून पितळी पाटीवर तुझं कोरून घेतलं. मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, ‘एव्हारिस्त’. आई असती तर तिला किती बरं वाटलं असतं! आता नको-नको म्हणू नकोस, पाटी बसवून झाली.

तुझ्यावरचा जीव थोडाही कमी न झालेली,
क्लेमांसताई

*

पोर्ट माथुरँ, २ सप्टेंबर १९९७

ती. ताई हिस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र आधी पूर्ण वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

जहाज प्रदर्शनात नेऊ नकोस. नेलंसच तर आधी दोऱ्या बदल. त्या मागं झुकतात. दोन्हीकडे. तुझी डावी बाजू बरोबर होती.

तुझं पत्र वाचून माझी झोप गेली. काल धक्क्यावर जाऊन म्हाताऱ्या जेर्व्हेकाकाला विचारलं, तो जुन्या शिडाच्या जहाजांवर होता. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर धावत जात नाही, वाराच त्याला मागून ढकलतो, म्हणून दोऱ्या मागं. समोरून वारा खाणारी बोट इंजिनाची.

तू विचारशील, मग तुला हे कसं माहीत नाही? ताई, मी डोलकाठीवर कधी चढलो नाही. एकदाही नाही. पहिल्याच दिवशी मी खाली उभा राहून वर बघितलं आणि ओकलो. मुकादमानं माझी मानगूट धरली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. तिथे मी बावीस वर्षं होतो. आधी शिडाच्या जहाजावर, मग इंजिनाच्या. बटाटे, मसूर, खारवलेला मासा, रविवारी टोमॅटोचा रुगाय. पहिल्या महिन्यात आईला पत्र लिहिलं, तेव्हा लाज वाटली म्हणून वरचं काम लिहिलं. मग दुसऱ्या पत्रात खाली कसा उतरणार? दर पत्रात मी आणखी थोडा वर चढत गेलो.

तू इतक्या विश्वासानं विचारलंस आणि मला नाही माहीत असं म्हणवेना. ती वाऱ्याची गोष्ट मी बसून रचली. मला ती खरीच वाटली.

टपालाच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला काढलंय, कधी निघेल कुणी सांगत नाही. पोस्टातल्या फोनवरून दोनदा देवानीच्या घरी लावला. एकदा लागला नाही आणि एकदा लागला तेव्हा मीच ठेवून दिला. हेही लिहून टाकतो. पाटी काढून टाक. माझ्या नावानं तुझं हसं व्हायला नको. शक्य असेल तर लोभ ठेव.

अपराधी,
एव्हारिस्त

*

क्युरपीप, २८ सप्टेंबर १९९७

एव्हारिस्त,

आशीर्वाद मागाहून. तुझं पत्र चोवीस तारखेला पोचलं. प्रदर्शन वीसला झालं.

कप्तान लाफ्लेर आले. पांढरे कपडे, अदबशीर माणूस. भिंगातून पंधरा मिनिटं बघत होते. म्हणाले, बाई, अशा गाठी मी संग्रहालयातसुद्धा पाहिल्या नाहीत. मग सरळ उभे राहिले आणि म्हणाले, फक्त हे जहाज उलटं चालवलं तरच चालेल. लोक हसले. देवानीही हसली, नंतर नाही म्हणाली. मी काय केलं असेन? सगळ्या सभागृहासमोर त्यांना म्हटलं, साहेब, तुम्ही सुकाणूपाशी हातमोजे घालून उभे होतात, माझा भाऊ बावीस वर्षं वर दोरीला लोंबकळत होता, त्यानं सांगितलंय. टाळ्या पडल्या. कप्तान लाल झाले आणि म्हणाले, तसं असेल तर मी माफी मागतो. मला गाठींसाठी एक प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर माझं पूर्ण नाव आहे. आनंदानं चार दिवस मला भूक नव्हती, मग तुझं पत्र आलं आणि उरलीसुरली गेली.

मी वेलावरच्या चुचूच्या लोणच्याची बरणी घेऊन कप्तानांच्या घरी गेले आणि माफी मागून आले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, दोरीवाला आजारी पडला तर दुसरा दोरी ओढतो, पण स्वयंपाकी आजारी पडला की तिसऱ्या दिवशी सगळे एकमेकांच्या गळ्याला धरतात.

मला खोटं बोललास याचा राग नाही. तसा आहे, पण तो उतरेल. आईचा राग उतरत नाही. वीस वर्षं प्रत्येक वादळात ती जेवली नाही. चक्रीवादळाच्या धोक्याची तिसरी सूचना झाली की मेणबत्ती लावून बसायची आणि म्हणायची, माझा मुलगा आता वर असेल, ओल्या दोरीवर. आणि तू खाली बटाटे सोलत होतास! एक ओळ लिहिली असतीस तर ती पोटभर जेवून झोपली असती रे. तुझं स्वयंपाकी असणं तिच्यासाठी किती मोठी चैन होती, हे तुला कळलंच नाही. आणि मला बघ. माझे हात सत्तावीस वर्षं बरोबर होते आणि मी तुझ्यावर विसंबून कात्री लावली.

पाटी काढणार नाही. दोऱ्याही तशाच ठेवल्यात. नाव तुझं आहे, तेव्हा ते उलटंच चालणार. जहाज कपाटावर आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी खरं सांगते.

मी दुसरं सुरू केलंय. या वेळी कणासुद्धा माझाच. डॉक्टरांनी डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरवर ढकललंय, तोवर डेकच्या खालचं काम होईल. कारखान्यात डेकच्या खाली कुणी काही करत नसे, झाकलं की दिसत नाही म्हणून. मी तिथे स्वयंपाकघर करणार आहे. मग वरून फळ्या ठोकून बंद करेन. दिसणार कुणालाच नाही, पण असेल. तर त्या शिडाच्या जहाजावरचं तुझं स्वयंपाकघर कसं होतं ते लिही. लांबी, रुंदी, चूल कुठे, तू उभा कुठे राहायचास. या वेळी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिही. तर्क एकही नको.

क्लेमांस

*

पोर्ट माथुरँ, १९ ऑक्टोबर १९९७

ती. ताई हिस,

शि. सा. न. वि. वि. आईचं वाचलं. फिलोमेनला वाचून दाखवलं, तिलाही आज हसू आलं नाही. काल चर्चमध्ये जाऊन बसलो आणि आईला सगळं सांगितलं, बटाट्यांपासून.

आता मापं. लांबी माझ्या सहा पावलांची, रुंदी चार. उंची माझ्या डोक्याला पुरत नसे, म्हणून मी मान डावीकडे टाकून उभा राहायचो, अजून तसाच उभा राहतो, तू कधी विचारलं नाहीस. चूल नाकाकडच्या भिंतीला, लोखंडी, खाली वाळूचा पेटारा. चुलीला चारी बाजूंनी बोटभर उंचीची पट्टी, म्हणजे जहाज कललं तरी पातेलं घसरत नाही. पातेली तीन, मोठं मसुराचं, त्याला एकच कान होता, डाव्या हाताचा. पळ्या डोक्यावर टांगलेल्या. वादळात त्या एकमेकींवर आपटायच्या आणि त्या आवाजावरून मला वाऱ्याचा जोर कळायचा. उजव्या हाताला फळी, तिच्यावर चिरायचं. पिंपात पाणी, पिंपाला झाकण लाकडी. मागच्या भिंतीत एक खिळा होता, त्याला कमरेचा पट्टा बांधून मी स्वतःला अडकवून घ्यायचो आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचो. माझी दोरी म्हणशील तर तेवढीच होती. ती पुढं-मागं झुकत नव्हती, सरळ होती.

माणसं चौदा. चौदाही जणांचं खाणं गरम गेलं, वादळातसुद्धा. हे मी पाहिलेलं लिहितोय.

खिडकी एक, चुलीच्या डाव्या बाजूला, जेवणाच्या ताटलीएवढी. ती पाण्यापासून इतकी जवळ होती की तिच्यातून आभाळ दिसायचं नाही, नुसतं पाणी दिसायचं. बावीस वर्षांत मी पाहिलेला समुद्र तेवढाच आहे. ताई, खिडकी तेवढीच कर. मला वाईट वाटेल म्हणून मोठी करू नकोस.

तुझ्या लोभावर जगणारा,
एव्हारिस्त